पाण्यातला सांधा

पावसाळा लागला की कोकणातल्या घरांची दारे बसेनाशी होतात. ज्येष्ठात कुरकुरणारी खिडकीची झडप श्रावणात खांद्याने ढकलावी लागते आणि फाल्गुनात तीच झडप इतकी सैल होते, की वाऱ्याने रात्रभर आपटत राहते. यात कोणी नवल मानत नाही. लाकूड पाणी पिते, फुगते, उन्हात आकसते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण त्याच लाकडाचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून ते पावसात, खाऱ्या वाऱ्यात किंवा थेट समुद्रात ठेवायची वेळ आली, की हे ज्ञान आपण दुकानाच्या पायरीवर ठेवून आत जातो आणि विचारतो, ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ दुकानदार ‘आहे’ म्हणतो. डब्यावरही तसेच छापलेले असते. आणि तिसऱ्या पावसाळ्यात अंगणातल्या बाकाची पाठ हातात येते.

बाकाची पाठ निघाली तर कोणी फार तर गवतावर बसेल. पण तोच प्रकार वल्ह्याच्या पात्यात, सुकाणूच्या फळीत किंवा छोट्या होडीच्या तळात घडला, तर किनारा दूर असतो. म्हणून पाण्यातल्या लाकडासाठी चिकटवण्याचे द्रव्य कोणते घ्यावे, हा प्रश्न हौशी सुताराला जितका महत्त्वाचा, तितकाच खाडीत होडी घालणाऱ्यालाही.

पाणी नेमके काय करते?

आधी शत्रूची ओळख करून घेऊ. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते वाढते रुंदीत, म्हणजे रेषांच्या आडव्या दिशेने. सागवान हे फार कमी हलणारे लाकूड म्हणून जगभर नावाजलेले. तरीही ओल्या ओंडक्यापासून पूर्ण सुकेपर्यंत सागाची फळी रुंदीत शंभराला पाच-सहा भागांपर्यंत आकसू शकते. इतर लाकडे याहून अधिक हलतात. दोन फळ्या आडव्या-उभ्या जोडल्या असतील, तर एक रुंद होऊ पाहते आणि दुसरी तिला अडवते. हा सारा ओढा सांध्यावर येतो.

म्हणजे चिकटद्रव्यावर संकट दोन बाजूंनी असते. एक, पाणी त्याला विरघळवते, मऊ करते किंवा हळूहळू त्याचे रासायनिक बंध तोडते. दुसरे, लाकूड स्वतःच हलून सांधा उकलते. पाण्यात कायम बुडालेले लाकूड एकदा फुगून स्थिरावते. खरी परीक्षा होते ती दिवसा ऊन, रात्री दव, भरतीला ओले, ओहोटीला कोरडे, अशा लाकडाची. होडीच्या पाणरेषेजवळचा भाग, धक्क्यावरच्या फळ्या, समुद्राकडे तोंड असलेल्या गच्चीतला बाक हे या परीक्षेचे नेहमीचे उमेदवार.

चिकटवल्याविना तरणारी जहाजे

गंमत अशी, की माणसाने हजारो वर्षे समुद्र ओलांडला तो असल्या द्रव्यांच्या भरवशावर नव्हे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत जतन केलेली आहे. तिच्या फळ्या धातूच्या खिळ्याबोल्टांनी जखडलेल्या. त्याहून जुनी रीत म्हणजे फळ्या दोरीने शिवण्याची. अजिंठ्याच्या एका चित्रातले पाचव्या शतकातले जहाज डोळ्यांसमोर ठेवून गोव्यात असेच एक शिवलेले शिडाचे जहाज बांधण्यात आले. काथ्याची दोरी, नारळाचा तंतू आणि नैसर्गिक राळ वापरून घडवलेले हे ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले.

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या लाकडी होड्यांचेही तंत्र याच कुळातले. फळीला फळी भिडवायची, खिळ्यांनी आतल्या फासळ्यांना जखडायची, मधल्या फटीत कापूस ठासायचा आणि वरून राळ-तेल भरायचे. अशी होडी महिनाभर वाळूवर उन्हात राहिली तर पाण्यात लोटताच गळते. जाणता कोळी घाबरत नाही. तो तिला भिजू देतो. फळ्या पाणी पितात, फुगतात, कापूस आवळतात आणि गळती आपोआप थांबते. थोडक्यात, तिथे सांधा घट्ट करण्याचे काम पाणीच करते.

चिकटवलेल्या होडीचा न्याय नेमका उलटा आहे. तिला घट्ट राहायचे तर लाकडाने पाणी पिताच कामा नये. हा फरक नीट उमगला, की निम्मे प्रश्न सुटतात. हल्ली जुन्या होडीची गळती थांबवायला फटींत दगडासारखे कडक होणारे एपॉक्सी भरण्याचा मोह होतो. उन्हाळ्यात, फळ्या सुकून फटी रुंदावलेल्या असताना ते भरले जाते. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगू लागतात, पण त्यांना जागा देणारा मऊ कापूस आता तिथे नसतो. मग फळ्यांच्या कडा चिरडतात, खिळे उपसतात, कधी आतली फासळीच मोडते. महागडे औषध चुकीच्या दुखण्याला दिल्यासारखे होते. फुगण्याच्या तत्त्वावर बांधलेल्या होडीची फट लवचीक सामग्रीनेच भरावी. कडक चिकटद्रव्य शोभते ते मुळात त्यासाठी बांधलेल्या नावेला.

मॉस्किटोची साक्ष

लाकूड चिकटवून भरवशाची वस्तू करण्याचा खरा ध्यास लागला तो विमानांमुळे. पहिल्या महायुद्धातली लाकडी विमाने दुधातल्या केसीनपासून केलेल्या सरसाने जोडली जात. केसीन हे हाडा-कातड्याच्या सरसापेक्षा ओलावा बरा सोसते, पण सतत दमटपणा मिळाला की त्याला बुरशी लागते. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे गाजलेले ‘मॉस्किटो’ विमान जवळजवळ सगळे लाकडाचे होते. सुरुवातीला त्यातही केसीन वापरले गेले आणि पुढे यूरिया-फॉर्माल्डिहाइड हे कृत्रिम द्रव्य आले.

१९४४ साली ही विमाने भारतात होती आणि त्यांतली काही हवेतच मोडून पडली. नोव्हेंबरमध्ये त्यांची उड्डाणे थांबवण्यात आली. संशय अर्थातच आपल्या पावसाळ्यावर आणि दमट हवेवर गेला. कंपनीतर्फे आलेल्या पाहणीत दोष हवामानामुळे आकसणाऱ्या सांगाड्याला दिला गेला. पण नंतरच्या चौकशीत निराळेच निघाले. इंग्लंडमधल्या, मोसमी पाऊस कधी न पाहिलेल्या विमानांतही तेच दोष सापडले. भाग नीट जुळवून बसवलेले नव्हते, काही ठिकाणी दोन पृष्ठभाग एकमेकांना भिडलेलेच नव्हते. खापर पावसाच्या आणि डब्याच्या नावावर फोडले जात होते आणि चूक कारखान्यातल्या हातांची होती. घरच्या बाकापासून होडीपर्यंत ही साक्ष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच युद्धात जहाजबांधणीसाठी रेसॉर्सिनॉल हे द्रव्य पुढे आले. उकळते पाणी, खारे पाणी, ऊन या कशालाही ते दाद देत नाही, आणि दीर्घकाळच्या कसोटीवर उतरलेले म्हणून आजही त्याचा दाखला दिला जातो. पण त्याच्या अटी कडक. सांधा इतका अचूक हवा, की कागदाहून अधिक फट चालत नाही. क्लॅम्प भक्कम आवळावे लागतात. सुकताना सुमारे एकवीस अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते, जी आपल्याकडे फुकट मिळते. सुकल्यावर सांध्यात काळसर-जांभळी रेघ उमटते, म्हणून दिवाणखान्यातल्या कामाला ते शोभत नाही. किरकोळ दुकानात ते सहसा दिसतही नाही.

दुकानातल्या डब्यांची ओळख

मग दुकानात काय दिसते? पहिला तो पांढरा डबा. १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि सुताराची सरस शिजवण्याची कटकट संपली. हे नाव इतके रुळले, की पांढऱ्या चिकटद्रव्याला लोक सर्रास तेच म्हणतात. रसायनशास्त्रात त्याला पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट म्हणतात. घरातल्या कपाटाला, टेबलाला यासारखे सोयीचे दुसरे नाही. पण साधा पांढरा प्रकार पाण्यात राहिला की पुन्हा मऊ पडतो. शिवाय सतत ताण असेल तर तो सुकल्यानंतरही किंचित सरकत राहतो. उघड्यावर त्याचे काम नाही.

दुसरा त्याचाच सुधारलेला भाऊ. त्याच्या डब्यावर ‘मरीन’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ असे शब्द दिसतात. सुकताना त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, म्हणून तो पाणी चांगले सोसतो. युरोपीय मानकात अशा द्रव्यांना डी-१ ते डी-४ अशा श्रेणी आहेत आणि काही डब्यांवर त्या छापलेल्याही असतात. डी-४ ही सगळ्यांत वरची. पण तिचाही अर्थ असा, की वर रंग किंवा वार्निशचे योग्य पांघरूण असेल तर ते उघड्यावर चालावे. समुद्रात बुडून राहावे असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. अंगणातला झोपाळा, फाटक, स्वयंपाकघरातली ओट्याजवळची कपाटे, होडीतली आतली बैठक इथपर्यंत त्याची हद्द. पाणरेषेखाली त्याला नेऊ नये.

तिसरा प्रकार पॉलियुरेथेनचा. हवेतला आणि लाकडातला ओलावा घेऊन हा घट्ट होतो, त्यामुळे जरा दमट लाकडालाही धरतो. सुकताना फेस येऊन फुगतो आणि फट भरल्यासारखी दिसते. इथेच फसगत होते. त्या फेसात बळ नसते. सांधा जुळलेला असेल आणि क्लॅम्प घट्ट असेल तरच तो टिकतो. हाताला लागला तर काळे डाग आठवडाभर निघत नाहीत.

चौथे एपॉक्सी, म्हणजे राळ आणि हार्डनर अशा दोन भागांत मिळणारे. अ‍ॅराल्डाइट या नावाने ते आपल्याकडे घरोघरी पोचले. फट भरून काढणे, फार दाब न देता धरणे आणि लाकडाला वरून पाणबंद लेप देणे ही तिन्ही कामे एकटे एपॉक्सी करते. म्हणूनच आजच्या चिकटवलेल्या नावांचा ते आधार आहे. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘म्हादेई’ याच पद्धतीची. लाकडाचा गाभा आणि दोन्ही अंगांनी राळेत भिजलेल्या काचतंतूचे कवच. छप्पन्न फुटांच्या या शिडाच्या नावेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातूनच, कुठेही न थांबता, मुंबई ते मुंबई असा फेरा पूर्ण केला. पाणी आत शिरू न दिलेले लाकूड काय सोसू शकते, याचा याहून बोलका दाखला आपल्या किनाऱ्यावर दुसरा नाही.

पण सगळे एपॉक्सी सारखे नसते. पाच मिनिटांत सुकणाऱ्या छोट्या नळ्या मोडलेल्या खेळण्याला ठीक. पाण्यातल्या कामाला सावकाश सुकणारा प्रकारच घ्यावा. झटपट सुकणारा प्रकार सतत ओल्यात दुबळा पडतो.

प्लायवुड घ्यायचे असेल तर शिक्का पाहावा. सागरी प्लायवुडसाठी भारतीय मानक आहे आयएस ७१०. त्यात फिनॉलिक राळेने थर जोडलेले असतात आणि नमुना बहात्तर तास उकळून सांधा तपासला जातो. ‘एमआर’ म्हणून मिळणारे प्लाय केवळ दमटपणा सोसते. सांध्याला उत्तम एपॉक्सी वापरायचे आणि फळी मात्र एमआरची घ्यायची, हा हिशेब चुकतो. सांधा टिकतो, फळीचेच थर सुटतात.

हातात काय हवे?

योग्य डबा आणला तरी मॉस्किटोचा धडा उरतोच. पहिली गोष्ट लाकडाचा ओलावा. एपॉक्सीसाठी तो बारा टक्क्यांच्या आसपास असलेला बरा. इथे कोकणच्या दिनक्रमातच अडचण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, माणसे मोकळी, म्हणून दुरुस्ती काढायची ती याच दिवसांत. आणि वर्षभरात लाकूड सर्वांत ओले असते तेही याच दिवसांत. नारळी पौर्णिमेला होडी लोटायची म्हणून घाईने ओल्या फळीवर एपॉक्सी लावले, तर पुढच्या वर्षी तोच सांधा पुन्हा उघडतो. खिळे ठोकणे, कापूस बदलणे, रंगाची तयारी ही कामे पावसाळ्यात खुशाल करावीत. चिकटवण्याचे काम मात्र माघ ते वैशाखात उरकावे; नाहीच जमले तर छपराखाली, लाकूड काही आठवडे सुकवून करावे.

दुसरी गोष्ट सागाचे तेल. ज्या तेलामुळे साग कुजत नाही, तेच तेल चिकटद्रव्याला धरू देत नाही. सागाचा सांधा ताजा रंधून किंवा काचकागदाने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, ते उडून जाताच लगेच चिकटवावा. आदल्या दिवशी रंधून ठेवलेल्या फळीवर तेल पुन्हा वर आलेले असते.

तिसरी गोष्ट प्रमाण. एपॉक्सीत हार्डनर जास्त घातला की लवकर सुकते, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती साफ चुकीची आहे. प्रमाण बिघडले की ते कायमचे मऊ राहते. डब्यावर प्रमाण वजनाने दिले आहे की मापाने, हेही पाहावे. एप्रिलच्या उन्हात खोल वाटीत जास्त मिश्रण केले तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुरावते; म्हणून थोडे थोडे करून पसरट ताटलीत घ्यावे. आधी पातळ मिश्रण दोन्ही पृष्ठभागांना पाजावे, मग बारीक लाकूडभुसा किंवा सिलिकाची पूड मिसळून दाट केलेले लावावे. क्लॅम्प हलका ठेवावा. पांढऱ्या द्रव्याच्या सवयीने जोरात आवळले, तर सगळे बाहेर येते आणि सांधा उपाशी राहतो.

उन्हाचेही एक पथ्य आहे. सूर्यप्रकाशात उघडे एपॉक्सी पिवळे पडून भुकटते आणि साधारण पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ होऊ लागते. वैशाखात काळ्या रंगाखालची फळी एवढी सहज तापते. म्हणून वर रंग हवाच आणि तो फिकट असावा. फळीची दोन्ही टोके, जिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी ओढते, तिथे लेप दोनदा द्यावा. हातमोजे घालावेत. एपॉक्सी वारंवार कातडीला लागले तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. लागलेच तर साबणाने धुवावे, थिनरने नव्हे.

आणि शेवटी डब्यावरच्या अक्षरांपेक्षा खात्रीची एक घरगुती चाचणी. जे लाकूड वापरायचे त्याचेच दोन-चार तुकडे, ज्या द्रव्याने जोडायचे त्यानेच जोडावेत. आठवडाभर सुकू द्यावेत. मग रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असे पंधरा दिवस करावे. एखादा तुकडा जुन्या पातेल्यात तासभर उकळून पाहावा. एपॉक्सीचा तुकडा मात्र उकळू नये. उष्णतेने ते मऊ पडते, त्यावरून पाण्याचा निकाल लागत नाही. त्यानंतर पटाशी लावून सांधा फोडावा. लाकडाचे तंतू फाटून निघाले, तर सांधा लाकडापेक्षा बळकट. गुळगुळीत, स्वच्छ रेघेवर दोन भाग अलग झाले, तर ते द्रव्य त्या कामाचे नाही, किंवा तयारी कच्ची राहिली.

खर्चाचा विचार सगळ्यांनाच असतो. एपॉक्सी पांढऱ्या डब्यापेक्षा बरेच महाग पडते. ते सगळीकडे वापरायची गरजही नाही. छपराखालच्या कामाला साधे पांढरे, पावसात भिजणाऱ्या रंगवलेल्या कामाला सुधारलेले पांढरे, पाण्यात उतरणाऱ्या वस्तूला एपॉक्सी, अचूक सांधा आणि भक्कम क्लॅम्प असतील तर रेसॉर्सिनॉल, आणि खिळ्याकापसाच्या जुन्या होडीला तिचा जुनाच कापूस, एवढी वाटणी मनाशी केली तरी पैसा योग्य ठिकाणी जातो. कंजुषी करायचीच झाली तर ती बाकात करावी. वल्हे, सुकाणू आणि तळाची फळी यांच्यात ती करू नये, कारण त्यांची परीक्षा होते तेव्हा सुतार किनाऱ्यावर असतो आणि होडीत दुसरेच कोणीतरी बसलेले असते.